वीस वर्षं एकाच ठाण्यात

आपल्याकडे फौजदाराची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. झाली नाही तर गावात कुजबुज सुरू होते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, डॉज सिटी नावाच्या गावी, मॅट डिलन नावाचा मार्शल मात्र वीस वर्षं एकाच ठाण्याला होता. बढती नाही, बदली नाही, गणवेशसुद्धा नाही, आणि दर आठवड्याला कोणीतरी उपटसुंभ भर रस्त्यात पिस्तूल घेऊन समोर उभा. १० सप्टेंबर १९५५ रोजी तो कामावर रुजू झाला आणि १९७५ साली नेमका ३१ मार्चला, म्हणजे अस्सल सरकारी नोकराला शोभेल अशा तारखेला, घरी गेला. मधल्या काळात ‘गनस्मोक’ या मालिकेचे ६३५ भाग झाले. रात्रीच्या वेळी गोष्ट सांगणाऱ्या अमेरिकन मालिकांमधला हा विक्रम २०१८ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. शेवटी तो ‘द सिम्पसन्स’ या कार्टूनने मोडला. कार्टूनमधल्या माणसांना ना गुडघेदुखी ना मोतीबिंदू, त्यामुळे तो विक्रम मी धरत नाही.

खरं डॉज सिटी एवढं टिकलंच नाही. टेक्ससहून गुरांचे कळप हाकत आणायचे, रेल्वेच्या वाघिणीत चढवायचे, हातात पडलेला पगार गुत्त्यात उडवायचा आणि रिकाम्या खिशाने परत जायचं, हा तिथला धंदा साधारण १८७५ च्या सुमाराला सुरू झाला. १८८५ मध्ये कॅन्ससने टेक्ससच्या गुरांना राज्याची दारं बंद केली, कारण त्यांच्याबरोबर येणाऱ्या तापाने तिथली गुरं मरत होती. हा ताप गोचिडांमुळे पसरतो हे पुढे काही वर्षांनी कळलं. म्हणजे ज्या रांगड्या पश्चिमेवर अमेरिकेने हजारो तास खर्च केले, ती जेमतेम दहा वर्षांत आटोपली आणि तिला आडवं केलं ते गोचिडांनी. यावर मात्र एकही मालिका निघाली नाही.

आणि त्या दहा वर्षांतही गोळीबार म्हणावा तसा होतच नव्हता. रॉबर्ट डिकस्ट्रा या इतिहासकाराने कॅन्ससमधल्या अशा पाच गावांचे १८७० ते १८८५ पर्यंतचे खून मोजले. ते भरले ४५. पाच गावं, पंधरा-सोळा वर्षं, ४५ खून. ‘गनस्मोक’ने तेवढे एका हंगामात सहज उरकले असते. खऱ्या डॉजमध्ये गावात शिरताना बंदूक जमा करावी लागे आणि तशी पाटीही होती. पण बंदूक जमा करून पावती घेणारा नायक टीव्हीवर कोण बघणार? आता खऱ्या डॉज सिटीत ‘गनस्मोक’ नावाचा रस्ता आहे. गावाने मालिकेला नाव उसनं दिलं होतं, मालिकेने ते व्याजासकट परत केलं.

खरं काय आणि नाटकी काय याचा गुंता तिथे टीव्हीच्या आधीपासूनच आहे. वायट अर्प हा डॉज आणि टूमस्टोन ही दोन गावं गाजवलेला खराखुरा पोलिसवाला १९२९ साली वारला, तो चक्क लॉस एंजेलिसमध्ये. म्हातारपणी तो सिनेमाच्या सेटवर घुटमळत असे. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत टॉम मिक्स आणि विल्यम एस. हार्ट होते, म्हणजे मूकपटांतले त्या काळचे दोन सर्वांत मोठे नकली काउबॉय. अस्सल माणसाला दोन डुप्लिकेटांनी पोचवून दिलं आणि धंदा पुढे चालू ठेवला.

मला ही सगळी विद्या प्राप्त झाली ती मुलाकडे अमेरिकेत गेल्यावर. मुलाकडे गेलेल्या मराठी आईबापांची तिथली दुपार ही एक स्वतंत्र व्याधी आहे. मुलगा-सून कामावर, नात शाळेत, बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, आणि मराठी मालिका ज्या पासवर्डमागे आहेत तो पासवर्ड मुलाने ‘अहो बाबा, अगदी सोपा आहे’ म्हणून सांगितलेला. अशा वेळी रिमोट कुरवाळता कुरवाळता जुन्या मालिका दाखवणारं एखादं चॅनल लागतं आणि घोडे धावू लागतात. भाषा समजायला सोपी. माणसं सावकाश बोलतात, कारण दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना डोळे बारीक करून क्षितिजाकडे बघायचं असतं. चांगला कोण आणि वाईट कोण हे दाढीवरून कळतं. आणि मधल्या जाहिराती! कानाची यंत्रं, गुडघ्याचे पट्टे, दार उघडून आत शिरता येईल असा आंघोळीचा टब, आणि एक गोळी, जिच्या दुष्परिणामांची यादी एक माणूस घोड्याच्या वेगाने वाचतो. हा कार्यक्रम कोण बघतंय हे सांगायला वेगळं सर्वेक्षण नको.

बघणाऱ्यांपैकी एकजण आमच्या शेजारीच निघाले. वय ऐंशीच्या पुढे, बायको वारलेली, गुडघे दोन्ही नवे. आम्ही ‘गनस्मोक’ बघतो हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो परगावी गाववाला भेटल्यावरचा. दुसऱ्या दिवशी ते एक पत्र्याचा डबा छातीशी धरून आले. लाल रंग, झाकणावर काळ्या कपड्यांतला एक पांढऱ्या केसांचा घोडेस्वार, कडांना गंज, आणि बिजागरीची एक खीळ काढून तिथे तार वळवलेली. शाळेचा डबा! झाकणावरचा तो सिनेमातला काउबॉय हॉपलाँग कॅसिडी. त्याचं काम करणाऱ्या विल्यम बॉइडने होतं नव्हतं ते विकून आपल्याच जुन्या सिनेमांचे हक्क विकत घेतले, ते १९४९ मध्ये टीव्हीला दिले आणि कोट्यधीश झाला. पुढच्याच वर्षी अलादीन कंपनीने साध्या डब्यावर त्याचं चित्र चिकटवलं आणि वर्षात सहा लाख डबे खपवले. आत काय न्यायचा, असं माझ्या बायकोने विचारलं. रोज पीनट बटर लावलेला पाव, असं उत्तर आलं. तिने डब्याकडे नाही, त्यांच्याकडे अत्यंत करुणेने पाहिलं आणि संध्याकाळी थालीपिठं पाठवली.

मग दुपारी ते आमच्याकडेच येऊ लागले. त्यांची बघण्याची तऱ्हा भजनी मंडळातल्या जुन्या टाळकऱ्याची. नजर दुसरीकडे असली तरी ओठ बरोबर हलणार. मार्शल तोंड उघडण्याच्या अर्धा क्षण आधी यांच्या तोंडून वाक्य यायचं. आणि मध्येच हात वर करून ते आम्हाला आतल्या बातम्या पुरवायचे.

त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलेली आणि मग मी पडताळून घेतलेली एक गोष्ट आहे, ती माझी सर्वांत आवडती. मार्शल डिलनचं काम करणारा जेम्स आर्नेस सहा फूट सात इंच उंच होता. दुसऱ्या महायुद्धात इटलीत अँझिओच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना बोटीतून पहिल्यांदा यालाच खाली उतरवलं, कारण पाणी किती खोल आहे ते कळायला हवं होतं. पट्टी म्हणून वापरला त्याला! पुढे तिथेच पायात गोळ्या लागल्या आणि तो पाय त्याला जन्मभर दुखला. आता त्याच मालिकेत मार्शलचा मदतनीस चेस्टर, एक पाय ताठ ठेवून लंगडत चालणारा. ते काम डेनिस वीव्हरचं, आणि वीव्हर हा १९४८ च्या ऑलिंपिकसाठी डेकॅथलॉनच्या निवड चाचणीत सहावा आलेला खेळाडू. म्हणजे ज्याचा पाय खरोखर अधू, तो वीस वर्षं ताठ चालला, आणि ज्याला दहा प्रकारच्या खेळांचा सराव, तो लंगडत राहिला. एमी पुरस्कार मात्र लंगडणाऱ्याला मिळाला.

त्याच्याही आधी, १९५२ पासून, ‘गनस्मोक’ रेडिओवर होतं. तिथला मार्शल विल्यम कॉनराड. आवाज असा की ऐकूनच चोराने पिस्तूल खाली ठेवावं. पण टीव्हीवाल्यांनी त्याचं पोट पाहिलं आणि आर्नेसला घेतलं. कॉनराडने पुढे ‘कॅनन’ नावाच्या मालिकेत जाड डिटेक्टिव्हचं काम करून पोटाला न्याय मिळवून दिला. रेडिओवर घोड्यांच्या टापा नारळाच्या करवंट्या आपटून काढत. हे ऐकल्यावर मला त्या सबंध पश्चिमेबद्दल घरोबा वाटू लागला. कोकणात एवढ्या करवंट्या पडलेल्या असतात, घोडदळ उभं राहिलं असतं.

बायकोला मात्र ना पायात रस होता ना पोटात. तिचा प्रश्न एकच होता, आणि तो तिने तिसऱ्या-चौथ्या भागालाच विचारला.

‘‘अहो, याचं आणि त्या किटीचं लग्न कधी होतं?’’

‘‘होत नाही.’’

‘‘म्हणजे या भागात नाही?’’

‘‘नाहीच होत. वीस वर्षं.’’

तिने विणकाम खाली ठेवलं. मिस किटी ही लाँग ब्रँच नावाच्या सलूनची, म्हणजे दारूच्या गुत्त्याची, मालकीण. अमँडा ब्लेकने एकोणीस वर्षं ते काम केलं. मार्शलला गोळी लागली की ती उशाशी बसते, तो बाहेर निघाला की तिचा चेहरा उतरतो, आणि तो दर वेळी ‘येतो’ म्हणून निघतो आणि खरंच परत येतो, पण बोलत काही नाही. ‘‘बाई धंदा सांभाळते, हिशेब लिहिते, दिसायला चांगली. याला काय हवंय अजून?’’ असं म्हणून बायकोने मधल्या माणसाचं काम डॉक ॲडम्सने करायला हवं होतं असं ठरवलं. गावात एक वडीलधारा डॉक्टर आहे, दोघांच्या घरी जाणं-येणं आहे, एवढा शब्द टाकायला काय होतं? तो नुसता गोळ्या काढत बसतो. शेजाऱ्यांना हे भाषांतर करून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, त्यांच्या आईचंही हेच मत होतं.

लग्नाच्या आघाडीवर तिचा खरा संताप झाला तो मात्र ‘बोनान्झा’वर. नेवाडात लेक टाहोजवळ पॉन्डेरोसा नावाची अवाढव्य जमीन. मालक बेन कार्टराइट. तीन मुलगे, तिघांच्या आया वेगळ्या, तिन्ही आया वारलेल्या. घरात बाई नावाला नाही, स्वयंपाकाला चिनी हॉप सिंग. मुलं घोडेमैदानावर वाढलेली, दिसायला एकेक बरी. आता यांच्यापैकी कोणाच्या प्रेमात एखादी मुलगी पडली, की पन्नास मिनिटांच्या आत तिला गोळी लागते, ती आजारी पडते, घोड्यावरून पडते किंवा फार तर पहिला नवरा जिवंत असल्याचं कळतं. चौदा वर्षं हेच. अमेरिकेत या प्रकाराला कार्टराइटांचा शाप म्हणत. ‘‘अशा घरी मुलगी कोण देईल?’’ बायको म्हणाली. ‘‘एवढी जमीन असली म्हणून काय झालं, पत्रिका नको बघायला?’’

पत्रिका बघितली असती तर आणखी एक भानगड उघडकीला आली असती. बापाचं काम करणारा लॉर्न ग्रीन १९१५ चा आणि थोरल्या दोन मुलांची कामं करणारे पर्नेल रॉबर्ट्स आणि डॅन ब्लॉकर हे दोघेही १९२८ चे. बाप मुलांहून तेरा वर्षांनी मोठा. पण ग्रीनचा आवाज असा घनगंभीर की वयाचा दाखला मागायची कोणाची छाती होत नसे. कॅनडात तो महायुद्धाच्या बातम्या वाचायचा, तेव्हा ऐकणारे धसकून असत.

या चौघांचे कपडे बदलत नाहीत, हे आमच्या नातीच्या लक्षात आलं. मुलांपैकी लिटल जोचं हिरवं जाकीट, ॲडम काळ्यात, हॉसचं ते भलंमोठं टोपडं, बाप तपकिरी बंडीत, वर्षानुवर्षं. गरिबी नव्हे, कंजुषी होती ती, पण निर्मात्यांची. कपडे तेच ठेवले की घोडे दौडवतानाची जुनी दृश्यं नव्या भागात बिनबोभाट चिकटवता येतात. याउलट रंगांच्या बाबतीत हात सैल होता. १९५९ मध्ये मालिका सुरू झाली ती पहिल्या दिवसापासून रंगीत, कारण दाखवणाऱ्या एनबीसीची मालक आरसीए, आणि आरसीए रंगीत टीव्ही संच बनवायची. शेजाऱ्यांच्या घरी तेव्हा काळा-पांढरा संच होता. रविवारी रात्री ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या श्रीमंत मित्राकडे जाऊन बसत, आणि हिरवं जाकीट खरंच हिरवं आहे हे त्यांना तिथे समजलं. तो मित्र शाळेत कोणालाच आवडत नव्हता, रविवारी मात्र सगळ्यांना आवडायचा.

हॉप सिंगबद्दल मात्र मी थोडा गंभीर होतो. व्हिक्टर सेन युंग हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला माणूस, आणि त्याला कायम तुटकं इंग्रजी बोलत, हात उडवत धावायला लावलं. शेवटी १९७४ मध्ये त्याने चिनी स्वयंपाकावर एक चांगलं पुस्तक लिहिलं. कार्टराइटांना इतकी वर्षं जेवू घातल्यावर तेवढा अधिकार होताच.

एकूणच कोणाला कुठे उभं करायचं यात या मालिकांनी घोळच घातला. खऱ्या काउबॉयांत दर चारांत एक काळा असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि ते सगळं कसब मुळात मेक्सिकन गुराख्यांचं. पडद्यावर बघावं तर सगळे गोरेगोमटे आणि दाढी केलेले. रेड इंडियनांच्या भूमिका गोऱ्यांना रंग फासून दिलेल्या. त्यातल्या त्यात ‘लोन रेंजर’मधला टोंटो करणारा जे सिल्व्हरहील्स अस्सल मोहॉक होता, कॅनडातल्या सिक्स नेशन्स वस्तीतला, लॅक्रोसचा पट्टीचा खेळाडू. पण त्याच्या तोंडीही मोडकीतोडकी वाक्यंच. पुढे त्याने आपल्या लोकांना अभिनय शिकवायला कार्यशाळा काढली. शेजाऱ्यांना मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी आवाज कमी केला आणि म्हणाले, ‘‘लहानपणी आम्हाला हे कधी खटकलं नाही. आता दर वेळी खटकतं.’’ मग जाहिरात संपली आणि त्यांनी आवाज पुन्हा मोठा केला.

लोन रेंजरच्या मुखवट्याची कथा मालिकेपेक्षा रंगतदार आहे. क्लेटन मूर हा काळा मुखवटा घालून चांदीच्या गोळ्या झाडणारा नायक. मालिका १९५७ मध्ये संपली, पण मूर थांबला नाही. दुकानांच्या उद्‌घाटनाला, मुलांच्या रुग्णालयात, जत्रेत, तो मुखवटा घालूनच जाई. १९७९ मध्ये हक्काच्या मालकांना नवा सिनेमा काढायचा होता, नवा तरुण नायक आणायचा होता. त्यांनी कोर्टातून हुकूम आणला की या गृहस्थांनी मुखवटा घालायचा नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला ‘तुम्ही तुम्ही नाही’ असा कोर्टाचा आदेश! मूरने मान तुकवली आणि जवळजवळ मुखवट्याएवढाच मोठा काळा चष्मा लावून फिरायला लागला. लोक खवळले. १९८१ मध्ये नवा सिनेमा आला आणि सपशेल आपटला. १९८४ मध्ये मूरला मुखवटा परत मिळाला. ज्याने तोंड झाकून चोर पकडले, त्याला तोंड झाकण्यासाठी पाच वर्षं भांडावं लागलं.

या सगळ्याचा कळस १९५९ च्या आसपास झाला. तेव्हा आठवड्याच्या रात्रींत पंचवीसहून अधिक वेस्टर्न मालिका चालू होत्या. १९५८-५९ च्या हंगामात लोकप्रियतेत पहिल्या चारही जागा त्यांच्याच: ‘गनस्मोक’, ‘वॅगन ट्रेन’, ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’ आणि ‘द रायफलमन’. एवढे नायक एकाच गर्दीत, मग एकाला दुसऱ्यापासून ओळखायचं कसं? प्रत्येकाला काहीतरी खेळणं दिलं. टीव्हीवरच्या वायट अर्पला हातभर लांब नळीचं पिस्तूल. बॅट मास्टरसनला ऐटबाज काठी. पॅलाडिनला छापील व्हिजिटिंग कार्ड, त्यावर बुद्धिबळातला घोडा. हा सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात उंची कपडे घालून राहायचा, शेक्सपिअर फेकायचा आणि मग पैसे घेऊन मारामारीला जायचा. स्टीव्ह मॅक्वीनला कापून आखूड केलेली रायफल, आणि पट्ट्यात काडतुसं मात्र त्या रायफलीत न बसणारी, कारण बसणारी काडतुसं किरकोळ दिसत होती. चक कॉनर्स या ‘रायफलमन’ला भराभर झडणारी विंचेस्टर. ती १८९२ सालची बनावट आणि गोष्ट १८८० च्या दशकातली. हे सांगितलं की शेजारी कानाचं यंत्र नीट करायला घेतात.

कॉनर्सचे भक्त केवळ अमेरिकेत नव्हते. १९७३ च्या जूनमध्ये सोव्हिएत संघाचे सर्वेसर्वा लिओनिद ब्रेझनेव्ह निक्सन यांच्या कॅलिफोर्नियातल्या घरी आले, तेव्हा पाहुण्यांत कॉनर्सही होता. साहेब ‘रायफलमन’चे निस्सीम चाहते. कॉनर्सने त्यांना कोल्ट पिस्तुलांची जोडी भेट दिली. निघताना विमानतळावर ब्रेझनेव्ह यांनी त्याला बघितलं, हात पसरले आणि चक्क उडी मारून त्या साडेसहा फुटी माणसाच्या मिठीत गेले. त्याचे फोटो आहेत. शीतयुद्ध चालू होतं, दोन्ही बाजूंची क्षेपणास्त्रं सज्ज होती, आणि एका महासत्तेचा प्रमुख जमिनीपासून अधांतरी.

एवढा माल काढायचा तर कथा कुठून आणायच्या? १९६० मध्ये लेखक संपावर गेले तेव्हा वॉर्नर ब्रदर्सने यावर जो तोडगा काढला, तो आपल्या एखाद्या बिलंदर प्रकाशकालाही सुचला नसता. जुन्याच पटकथा काढल्या, नावं-गावं बदलली, या मालिकेतली गोष्ट त्या मालिकेत टाकली, काउबॉयची डिटेक्टिव्हला दिली, आणि लेखक म्हणून नाव छापलं डब्ल्यू. हर्मानोस. हर्मानोस म्हणजे स्पॅनिशमध्ये भाऊ, ब्रदर्स. या हर्मानोसरावांनी त्या वर्षी जेवढं लिहिलं तेवढं शेक्सपिअरने जन्मात लिहिलं नाही. त्याच वॉर्नरच्या ‘मॅव्हरिक’मधला जेम्स गार्नर हा माझा लाडका नायक. पत्ते खेळणारा, भांडण दिसलं की मागच्या दाराने निघणारा, अगदी आपल्यासारखा. संपाच्या निमित्ताने कंपनीने त्याचा पगार थांबवला तेव्हा मात्र तो मागच्या दाराने गेला नाही, कोर्टात गेला आणि जिंकला.

मग हळूहळू गर्दी ओसरली. जाहिरातवाल्यांना शहरातले तरुण हवे होते, आणि वेस्टर्न बघत होते गावाकडचे प्रौढ. १९६७ मध्येच ‘गनस्मोक’ गुंडाळायचं ठरलं होतं, पण ती दाखवणाऱ्या सीबीएसच्या मालकांच्या घरीच ती आवडती. मार्शल वाचला आणि त्याच्या जागी ‘गिलिगन्स आयलंड’ बळी गेली. १९७५ मध्ये बंद झाली तेव्हाही ती पहिल्या तीस मालिकांत होती.

हुशार लोक आधीच निसटले होते. ‘रॉहाइड’मध्ये गुरांमागे फिरून कंटाळलेला क्लिंट ईस्टवूड १९६४ च्या सुट्टीत १५ हजार डॉलरवर स्पेनला गेला, एका इटालियन दिग्दर्शकाच्या सिनेमात ओठात चिरूट धरून उभा राहिला, आणि जगाचा ईस्टवूड झाला. चिरूट त्याला आवडत नसे, म्हणून चेहऱ्यावर ती त्रासिक आठी. लोकांना वाटलं अभिनय. ‘हॅव गन’चे दोन डझन भाग लिहिणारा जीन रॉडनबेरी ‘वॅगन ट्रेन’ आकाशात नेतो म्हणाला आणि त्याने ‘स्टार ट्रेक’ काढली. लॉस एंजेलिसजवळच्या ज्या खडकांमागे दरोडेखोर दबा धरून बसत, त्याच व्हास्केझ खडकांवर परग्रहावरचे प्राणी नाचू लागले. खडकांनी तक्रार केली नाही.

आणि आपल्याकडे? ३१ मार्चला मार्शल डिलन निवृत्त झाला आणि त्याच १९७५ च्या १५ ऑगस्टला बंगळुरूजवळच्या खडकांत जय, वीरू आणि एक ठाकूर, माजी पोलिस अधिकारी, उतरले. ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालला. शेजाऱ्यांना आम्ही तो इंग्रजी अक्षरांसह दाखवला. गब्बर त्यांना पटला. गाणी सुरू झाली की मात्र ते घड्याळ बघत, कारण त्यांच्या हिशेबाने तेवढ्या वेळात ‘गनस्मोक’चा एक जुना अर्ध्या तासाचा भाग बसला असता.

‘‘आणि तुमच्या टीव्हीवर काय असायचं तेव्हा?’’ एकदा त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, मुंबईला टीव्ही आला १९७२ च्या २ ऑक्टोबरला. चाळीत एका घरी संच होता, आम्ही दारात चपला काढून बसायचो.

‘‘काउबॉय होते?’’

‘‘गाई होत्या,’’ बायको म्हणाली. ‘‘शेतकऱ्यांचा कार्यक्रम असायचा. गाईला काय खायला घालायचं, गोठा कसा झाडायचा, लस कधी टोचायची.’’

शेजारी बराच वेळ विचारात पडले. ‘बोनान्झा’च्या चौदा वर्षांत गाईला कोणी चारा घातलेला त्यांना आठवेना.

‘‘गोळीबार अजिबात नाही?’’

‘‘नाही. सुई टोचायचे. तीही गाईला.’’

‘‘आणि लोक बघायचे?’’

‘‘सगळे,’’ मी म्हणालो. ‘‘चॅनल एकच होतं.’’